मोहाचे फूल आणि वाइनची बाटली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी मोहाविषयी बोलणार, असे कळल्यावर आपल्यातल्या एकदोघींनी मला बाजूला घेऊन विचारले, "अहो, वर्धापनदिनाच्या दिवशी दारूचा विषय कशाला?" मी त्यांना म्हटले, मी दारूवर नाही, फुलावर बोलणार आहे. पण खरे सांगायचे तर दोन्हींवर बोलावेच लागेल, कारण आपल्या इकडे एकाचे नाव घेतले की दुसरे आपोआप येते. मागच्या मासिक बैठकीत आपल्या बचत गटाने या हंगामात मोहफुले घेऊन वाळवावी, साठवावी आणि त्यांचे काही पदार्थ करावेत, अशी सूचना आली होती. तिच्यावर बरीच गरमागरमी झाली आणि निर्णय पुढे गेला. ज्यांनी विरोध केला त्यांचे दुःख मला ठाऊक आहे. ते त्यांनी बोलून दाखवले नाही, तरी आपण सगळ्या एकाच गावातल्या आहोत. म्हणून मी जे पाहिले आणि वाचले ते तुमच्यापुढे ठेवते. ठरवायचे ते तुम्हीच.

माझी धाकटी बहीण नाशिकला असते. मागे तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिने मला गंगापूर धरणाच्या बाजूचा वाइनचा एक कारखाना दाखवायला नेले. मी आधी नाहीच म्हटले. ती म्हणाली, "ताई, तिथे लोक लेकराबाळांना घेऊन जातात, तू चल तर." गेलो. तिकीट काढून आत जायचे. एक शिकलेली, नीटनेटकी मुलगी सगळे समजावून सांगते. खायची द्राक्षे वेगळी आणि वाइनची वेगळी, हे मला तिथे कळले. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बीवाले. ऊन चढण्याआधी, पहाटेच तोडायचे. तांबडी वाइन करायची तर सालीसकट आंबवायचे, पांढरी करायची तर आधी रस काढून साल वेगळी करायची. मग स्टीलच्या उंच टाक्या, त्यांना बाहेरून गारवा दिलेला, आणि आत खमीर रसातली साखर खाऊन तिचे मद्य करते. ऊर्ध्वपातन नाही, म्हणजे वाफ धरून गाळणे नाही. म्हणून वाइनमध्ये मद्याचे प्रमाण शंभरात बारा-चौदा असते आणि गाळलेल्या दारूत चाळीसच्या आसपास. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बहिणीने विचारले, कसे वाटले? मी म्हटले, सगळे स्वच्छ आहे, छान आहे, पण मला आपल्या माहेरच्या आंब्याखालचे रांजण आठवले. रांजणात मोह भिजत घातला की चार दिवसांनी असाच आंबूस वास सुटायचा. फक्त तिथे तिकीट नव्हते, पोलीस यायचे.

हसू नका. मला खरोखरच प्रश्न पडला. द्राक्ष आंबवले तर तो उद्योग, आणि मोह आंबवला तर तो गुन्हा, असे का? आल्यावर मुलाला मोबाईलवर शोधून वाचून दाखवायला लावले. पुण्याजवळ नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात वाइनचा मोठा कारखाना काढला, तो पुढे बंद पडला. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९९ साली सुला सुरू केली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरणच जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले, करात सवलती मिळाल्या. कारण सांगितले ते असे, की द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याला भाव मिळेल. यात मला वावगे दिसत नाही. शेतकऱ्याला भाव मिळावाच. पण आपल्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखातल्या बाईला भाव मिळावा म्हणून असे धोरण कुणी केले, ते मात्र मला सापडले नाही.

आता तुम्ही म्हणाल, वाइन म्हणजे द्राक्षाचीच. मलाही तसेच वाटत होते. पण आपल्याच राज्यात कितीतरी लहान लहान ठिकाणी निरनिराळ्या फळांची वाइन होते आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ बोर्डी गाव आहे. तो सगळा चिकूचा मुलूख. तिकडच्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चिकू हे असे फळ, की पिकले की दोन दिवस थांबत नाही. हंगामात ढिगारे पडतात आणि भाव कोसळतो. तिथे प्रियांका सावे या बाईंनी हिल झिल नावाची वायनरी काढून चिकूची फसफसणारी वाइन केली. नाशिकला योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघी बायकांनी मिळून मधाची वाइन काढली. तिला इंग्रजीत मीड म्हणतात, आणि ती म्हणे द्राक्षाच्या वाइनपेक्षाही जुनी आहे. पुण्यातही मूनशाइन नावाने मधाचे मद्य करतात. चिकू नासू नये म्हणून, मधाला गिऱ्हाईक मिळावे म्हणून शिकलेल्या बायकांनी हे उद्योग उभे केले आणि वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक छापले. मीही कौतुकच करते.

गोव्याचे तर आणखी निराळे आहे. तिथे काजूचा हंगाम साधारण आपल्या मोहाच्याच वेळेला, फाल्गुन-चैत्रात येतो. बी काढून घेतल्यावर उरलेले बोंड पिळून रस काढतात, त्याला नीरो म्हणतात. तो आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. म्हणजे ही वाइन नव्हे, गाळलेली दारूच. पण गोवेकरांनी फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवले आणि २०१६ साली त्यांच्या सरकारने तिला वारसा पेय म्हणून मान्यता दिली. आपल्या आजोळच्या पेयाचे नाव घ्यायला तिथे कुणी लाजत नाही. इकडे आपण मोहाचे नाव घेताना आवाज खाली करतो.

आता आपल्या फुलाकडे येते. इथे बसलेल्यांपैकी निम्म्याजणींनी लहानपणी मोह वेचला असेल. ज्या शहराकडून आल्या आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगते. फाल्गुनात मोहाची पाने गळून झाड उघडे होते आणि टोकांना फुलांचे झुबके येतात. फूल म्हणजे फिकट पिवळसर, गरदार, लहान द्राक्षासारखे. त्यात इतकी साखर असते की बोटे चिकटतात. रात्री वटवाघळे झाडावर येतात, आणि पहाटेपासून फूल टपटप खाली पडू लागते. चार वाजता उठून, टोपली घेऊन, कंदिलाच्या किंवा आता विजेरीच्या उजेडात बाई झाडाखाली जाते. उशीर झाला तर हरणे, अस्वल आणि शेजारीण, तिघांपैकी कुणीतरी आधी पोचते. आपल्या नागझिऱ्याच्या आणि नवेगावच्या बाजूला अस्वलाची भीती खरीच आहे. मोह वेचताना अस्वलाने बायकांना फाडल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. ऊन चढेपर्यंत वेचायचे, मान मोडून वाकायचे, घरी आणून अंगणात पसरायचे. तीन-चार दिवसांत फूल तांबूस-तपकिरी होऊन मनुकेसारखे आकसते आणि वजन पार उतरते.

त्यानंतरचा हिशोब ऐका. बाईला पैशाची गरज चैत्रातच असते. मुलांचे कपडे असतात, लग्नसराई असते, उधारी असते. म्हणून ती वाळले न वाळले तोच माल व्यापाऱ्याला देते. त्या वेळी सगळ्यांचाच माल बाजारात, भाव पडलेला. पावसाळा लागला की तेच फूल चढ्या भावाने विकले जाते, आणि कधी कधी तिच्याच गावातल्या माणसाला ते परत विकत घ्यावे लागते. केंद्र सरकारने मोहफुलाला किमान आधारभूत भाव ठरवून दिला आहे, पण घरासमोर मोटारसायकल घेऊन येणाऱ्या माणसाच्या ताजव्यात तो भाव नसतो. आणि ताजवा कसा असतो, ते तुम्हाला सांगायला नको.

मोहाचे फूल म्हणजे फक्त दारू, हा समज तर आपल्याच पिढीत पक्का झाला. माझी आजी मोह भाजून तिळाबरोबर कुटायची आणि त्याचे लाडू करायची. थंडीत बैलांना मोह चारायचे. टोळीचे, म्हणजे मोहाच्या बीचे तेल काढून स्वयंपाकाला वापरायचे, थंडीत ते तुपासारखे थिजायचे. दुष्काळात तर या झाडाने माणसे जगवली. गोंड समाजात जन्म, लग्न आणि मृत्यू या तिन्ही वेळी मोहाची धार पूर्वजांना दिल्याशिवाय काम होत नाही. तो त्यांचा धर्म आहे, त्यावर बाहेरच्यांनी नाक मुरडू नये.

इंग्रजांनी मात्र मुरडले. नाक नव्हे, हात मुरडला. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला आणि घरोघर गाळणे बंद करून सरकारी भट्टीची दारू विकायला सुरुवात झाली. लोक ऐकेनात. तेव्हा १८९२ साली खास मोहाचा कायदा केला, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फूल गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच बंधने घातली. म्हणजे दारू सोडा, फूल बाळगणे गुन्हा! लोकांची नीती सुधारावी म्हणून हे केले, असे नाही. सरकारी दारूचा खप वाढावा आणि तिजोरी भरावी म्हणून केले. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, तिथले नियम वेगळे, पण भट्टीचा ठेका देऊन पैसा काढायची रीत सगळीकडे सारखीच. स्वातंत्र्य आले तरी फुलावरची बंधने राहिली. महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरची जुनी बंधने २०२१ साली उठवली. वनहक्क कायद्याने तर २००६ सालीच गौण वनोपजावर वनात राहणाऱ्यांचा मालकी हक्क मानला आहे. तेव्हा आपण फुले घेतली, वाळवली आणि त्यांचे लाडू केले, तर पोलीस येतील ही भीती मनातून काढून टाका. परवान्याशिवाय दारू गाळणे मात्र आजही गुन्हाच आहे.

इथपर्यंत मी फुलाची बाजू मांडली. आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर मागच्या बैठकीत ज्या गप्प बसल्या होत्या, त्यांच्यावर अन्याय होईल.

आज आपल्या आजूबाजूच्या गावांत जी हातभट्टी निघते, तिला मोहाची म्हणतात. पण तिच्यात मोह किती असतो? काळा गूळ, नवसागर आणि आणखी काय काय घालून दोन दिवसांत सडवा तयार करतात. फूल महाग, गूळ स्वस्त. आणि जिथे कुणी लोभापायी कारखान्यातले विषारी मिथेनॉल मिसळतो, तिथे माणसे मरतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे गेली, ती मिथेनॉलने. त्यांच्या बायकांनी पुढे काय केले असेल, याचा विचार मी कितीदा केला आहे. इतके कशाला, विष नसले तरी काय होते ते आपण पाहतोच. धान विकून आलेले पैसे घरी पोचत नाहीत. मुलीच्या शाळेची फी, मंगळसूत्र, पितळेची भांडी, एकेक करून जाते. ज्या घरात हे झाले त्या घरातल्या बाईला "मोह हा आपला वारसा आहे" असे सांगायला मी तरी धजणार नाही.

लाखांदूरहून वडशाकडे गेले की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती आणण्यात बायकांचा मोठा वाटा होता. चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. बंदीने दारू संपते का, यावर शिकलेले लोक वाद घालतात. मला इतकेच ठाऊक आहे, की बायकांच्या हाती कायद्याने दिलेली एक वस्तू आहे आणि ती आपण विसरू नये. ती म्हणजे उभी बाटली, आडवी बाटली. गावातल्या पंचवीस टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान घ्यावे लागते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले की परवान्याचे दुकान बंद होते. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या. म्हणजे घरी बसून राहिलेली बाई ही उभ्या बाटलीचेच मत. शासनाने जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू द्यायचे ठरवले, तेव्हा राज्यभर ओरड झाली आणि ते अमलात आले नाही. मला ते बरे वाटले. वाइन सौम्य असेल, पण साखर आणि चहापत्तीच्या शेजारी ती मांडू नये, असे माझे मत आहे.

पण काळ थांबत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ साली मोहाच्या दारूला वारसा मद्य ठरवून, ती गाळायचा परवाना आदिवासी बचत गटांना द्यायचे धोरण केले. अलीराजपूर आणि दिंडोरीकडच्या गटांनी त्याची सुरुवात केली. आपल्या राज्यात डहाणूच्या एका जुन्या पारशी घराण्याच्या साऊथ सीज कंपनीने मोहाची दारू बाटलीत भरून मोठ्या शहरांत आणली. गोव्याचे डेसमंड नाझरेथ यांनी २०१८ साली मोहाची एक बाटली काढली. या बाटल्यांच्या किमती ऐकाल तर चाट पडाल. एका बाटलीच्या पैशात आपल्याकडची बाई महिनाभर वेचलेला मोह देऊन टाकेल. म्हणजे काय झाले पहा. जे फूल आपल्या दारात आहे म्हणून आपल्याला लाज वाटली, ते परक्याच्या हाती गेल्यावर प्रतिष्ठित झाले. लाज आपल्याकडे राहिली आणि नफा तिकडे गेला.

तेव्हा माझे म्हणणे असे. आपल्या मंडळाने किंवा गटाने दारू करू नये, वाइनही करू नये. उद्या महाराष्ट्रानेही मध्य प्रदेशासारखे परवाने दिले तरी आपण त्यात पडू नये, कारण आपल्यातल्या काहींच्या जखमा ओल्या आहेत, आणि गटात एकीचे मन दुखवून दुसरीने कमवायचे नसते. परंतु कुणी गोंड भगिनींचा गट, ग्रामसभेची संमती घेऊन, उजळ माथ्याने तो परवाना मागेल, तर त्यांच्याविरुद्ध मोर्चा काढायला मी येणार नाही. नाशिकच्या बायकांचे आपण कौतुक करतो, तर इकडच्या बायकांना एक माप आणि तिकडच्यांना दुसरे माप लावता येणार नाही. यावर आपल्यात मतभेद आहेत, ते असू द्या. अध्यक्षाबाईंचे मत माझ्यापेक्षा वेगळे आहे, आणि ते त्यांनी मला आधीच स्पष्ट सांगितले आहे.

फुलाचा धंदा मात्र आपण करावा, असे मला वाटते. त्यासाठी फार भांडवल लागत नाही. मध्य प्रदेश-छत्तीसगडकडे झाडाखाली हिरवी जाळी बांधतात. फूल जमिनीला लागतच नाही, माती-खडे येत नाहीत, आणि खाण्याच्या दर्जाचा माल म्हणून भाव जास्त मिळतो. दुसरा फायदा त्याहून मोठा. झाडाखालची जमीन साफ दिसावी म्हणून आपल्याकडे पालापाचोळा पेटवतात, आणि ती आग पुढे जंगलात जाते. जाळी असली की पेटवायचे कारणच उरत नाही. वाळवायला ताडपत्री किंवा सिमेंटचे अंगण हवे. साठवायला घट्ट झाकणाचे डबे हवेत, कारण पावसाळ्यात दमट हवा लागली की फूल चिकट होते, आंबते आणि त्यात किडे पडतात. तेवढे सांभाळले की चैत्रातला माल श्रावणापर्यंत धरता येतो, आणि मधली वाढ वेचणारीच्या हातात पडते.

पदार्थांचे म्हणाल तर लाडू, मोहाचा पाक, चिंचेबरोबर केलेली चटणी आणि मनुकेऐवजी शिऱ्यात घालायला वाळलेली फुले. मी घरी चारही करून पाहिले. पाकाला मोहाचा उग्र वास राहतो. आले आणि लिंबू घातले तर तो बराच कमी होतो, पण सगळ्यांना आवडेलच असे नाही. लाडू मात्र लगेच संपले. आज चहाबरोबर जो लाडू तुम्ही खाल्लात आणि ज्याला दोघीतिघींनी खजुराचा म्हटले, तो मोहाचा होता.

खर्चाचा अंदाज मी कागदावर मांडून खजिनदार बाईंकडे दिला आहे. दोन झाडांपुरती जाळी, एक ताडपत्री आणि सहा डबे, इतक्यावर यंदा भागेल. झाडे आपल्यातल्या एका सभासदबाईंच्या बांधावरची आहेत आणि त्यांनी होकार दिला आहे. वेचायला ज्या बाया नेहमी येतात त्यांनाच बोलवायचे, आणि त्यांना रोजाने नव्हे तर फुलाच्या वजनावर, पुढच्या नफ्यातल्या वाट्यासकट पैसे द्यायचे, एवढी माझी अट आहे. ताजवा मंडळाचा असेल आणि तो सगळ्यांसमोर तपासून घेऊ. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी होळीच्या आत द्यावे, कारण होळीनंतर फूल कुणासाठी थांबत नाही.